बाबांचा मायक्रोवेव्ह

“ह्यांना कधी शिळं वाढू नकोस गं,” आईने जाताना बजावलं होतं आणि ताईने हो म्हटलं होतं. आता आईच्या माघारी धाकटा भाऊ तिच्या स्वयंपाकघरासकट खालचं घर पर्यटकांना भाड्याने द्यायला निघाला होता. त्यासाठी दुकानात खरेदी चालली होती.

“ओव्हन घेऊ. डिशवॉशरही.”

“घे की! एवढ्याशा स्वयंपाकघरात पाहुणे उभे कुठे राहणार, फ्रिजात?”

“ताई, हळू. रांगेतले लोक ऐकताहेत.”

“आणि बाबा?”

“त्यांना माळ्यावरची खोली. हा छोटा मायक्रोवेव्ह त्यांचा. आठवड्याचं एकदम करून ठेवू.”

“बाई बाई, केवढी ही पितृभक्ती! बटण दाबलं की शिळ्याचं ताजं!”

“मग तू येऊन रोज रांधणार आहेस का?”

 रांग सोडून ताई बाबांसाठी ताजी भाजी घ्यायला निघाली.