जिभेखालची गोळी

२०२२ साल, मी सदुसष्ट वर्षांचा. घर सिंदी मेघेत. तीस वर्षं ट्रक चालवला, पार कलकत्त्यापर्यंत, अन झोप येऊ नये, अंग ठणकू नये म्हणून ढाब्यावर डोड्याचं पाणी पेत होतो, अफूच्या बोंडाचं. ट्रक सुटला, डोडा नाई सुटला. काय सांगू तुम्हाले, शाळा माही दुसरीपर्यंत, पण मान म्या कोणापुढं खाली घातली नाई, अन शेवटी जीभ दाखवा लागली.

वर्ध्याच्या दवाखान्यात अफीम सोडवायची गोळी घ्यायले रोज सकाळी जायचं. सिस्टर गोळी चुरून जिभेखाली टाकते, थे विरघळेपर्यंत बाकावर दहा मिनिटं बसायचं, बोलायचं नाई, गिळायचं नाई, अन मंग तिले जीभ दाखवायची. पहिल्या दिवशी म्या म्हटलं, बाई, माया मायलेही जीभ दाखवली नाई. थे म्हणे, मले दाखवा बाबाजी, मी कोणाले सांगत नाई.

बाजूले नामदेव बसे. कापूस बाजारातला हमाल, पन्नाशीचा, पावडरीची, ब्राऊन शुगरची, सुई घेणारा. दोघंही बडबडे, अन दहा मिनिटं मुके. मंग बाहेर चहा. आठ महिन्यांत त्याची बायको त्याच्याशी बोलू लागलती.

नातीच्या लग्नात व्याही चारचौघांत म्हणे, अफीम सोडली म्हणता, मंग रोज गोळी काऊन खाता बुवा, नशाच बदलली ना? लोक हासले. मले लागलं थे. शनिवारी नामदेवले मारुतीपाशी नेलं. थो नाईच म्हणत होता, भाऊ, त्या गोळीवर टिकून हावो, डॉक्टरले तं इचारू. म्या म्हटलं, मर्द हायेस का नाई लेका? दोघायनं नारळ फोडला, गोळी बंद. सगळ्या गल्लीनं खोबरं खाल्लं.

मंग हाडं फुटायले लागली, नाकातून पाणी, रात रात पाय खाटेवर आपटायचे. आठव्या दिवशी सिस्टरचा फोन, बाबाजी काऊन येऊन नाई राह्यले? म्हटलं, नारळ फोडला. थे म्हणे, दवा सोड असं मारुतीनं सांगतलं का? नामदेवभाऊचा फोन लागत नाई, त्यायले तरी पाठवा, इतक्या खंडानंतर जुन्याइतकी सुई घेतली तर शरीर सोसत नाई, जीव जाते. म्या म्हटलं, थो माया संगं हाय, पक्का हाय.

पक्का! मी सोता आदल्याच दिवशी लपून ढाब्यावर डोडा पेऊन आलतो, अन मंग पेतच राह्यलो. नामदेवले हे सांगतलं नाई, सिस्टरचा निरोपही देला नाई. कोणत्या तोंडानं देऊ? त्याले वाटलं असन, भाऊ पक्का, मीच एकटा कच्चा.

बाराव्या दिवशी थो बाजाराच्या मागं सापडला, सुई बाजूलेच. लोक म्हणत, नारळ फोडून शब्द मोडला, मारुती कोपला. मी आयकून घेतलं. त्याची बायको माया तोंडाकडं पाहत होती. चितेवर लाकूड टाकलं अन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोनं दवाखान्यात गेलो. सिस्टरनं इचारलं, शेवटचा डोडा कवा? म्हटलं, परवा. मंग सांगतलं, तुमचा निरोप म्या त्याले देलाच नाई. तिनं खाली पाहत गोळी चुरली. तिनं म्हणायच्या आधीच म्या जीभ वर केली, अन बाकावर जाऊन बसलो. दहा मिनिटं बोलता येत नाई, थे बरं वाटलं.