अर्धा मोर

डांगे चौकातल्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मी नंबर लावून बसले होते. शेजारच्या बाकावर एक जोडपं होतं. नवऱ्याच्या मांडीवर जुना सीपीयू होता.

"चांगला चालत होता. कशाला हात लावलात?"

"अगं स्वप्नाली, रोज सूचना येत होती. जुन्या विंडोजला आता अपडेट मिळणार नाहीत म्हणून."

"नसते मिळाले! मला ब्लाउजवर भरतकाम करायचं होतं, अपडेटचं लोणचं घालायचं होतं का?"

"नवी टाकायला गेलो, तर म्हणाली, हा कॉम्प्युटर चालणार नाही."

"तिनं सांगितलं ना? मग ऐकायचं!"

"पण व्हिडिओत दाखवलं होतं, ती तपासणी टाळता येते. टाळली. झाली की नाही चालू?"

"झाली. आणि माझं भरतकामाचं मशीन ओळखेना. सोमवारी त्या गिऱ्हाइकाच्या पोरीचं लग्न, आणि ब्लाउजच्या पाठीवर बिनपिसाऱ्याचा मोर!"

"हे दुकानवाले जुनी विंडोज परत बसवून देतील."

"आणि माझी डिझाइनं? तीन वर्षांची?"

"टाकताना तिनं विचारलं होतं, सगळं पुसू का. मी हो म्हटलं."

"उठा."

"अगं, आपला नंबर आलाय."

"येऊ दे. पिसारा मी हातानं भरते. तुम्ही कंपनीत फोन करा, उद्या शिफ्टला येत नाही म्हणून सांगा. सुयांत दोरे ओवायला मला माणूस लागेल."