छताच्या सळ्या

भाग्यलक्ष्मी: म्हणजे रविवारी रुद्रेशशेटच्या पोहण्याच्या तलावाचं उद्घाटन झालं की पाटीवर तुमचं नाव, पेपरात त्यांच्या बाजूला फोटो, आणि आमोण्याच्या त्यांच्या नव्या हॉटेलच्या छताचं कामही तुमच्याच दुकानाला. आणखी काही राहिलं?

सगुण: शाल राहिली.

भाग्यलक्ष्मी: ती मी धरूनच चालले होते. आता गौरेशने आणलेला तो तुकडा बघा.

सगुण: बघितला. काय रे गौरेश, लोक चहाला येताना पावाचे उंडे आणतात, तू लोखंड आणतोस?

गौरेश: लोखंड नव्हे सगुणबाब, तुमच्याच दुकानचं स्टेनलेस. डिचोलीच्या त्या बंदिस्त तलावाच्या छताला ही सळी मीच टांगली होती. काल तिच्यावरचा स्पीकर धाडकन पाण्यात. सोमवारी तलाव बंद असतो म्हणून निभावलं.

सगुण: तुझं वेल्डिंग सुटलं असणार.

गौरेश: वेल्डिंग जसंच्या तसं आहे. सळी मधोमध तुटली.

सगुण: भाग्या, फ्रीजवरचं चुंबक आण गे.

भाग्यलक्ष्मी: कुठलं? देवीचं की आंब्याचं?

सगुण: हाताला येईल ते. हां... पळय, बघ! चिकटतं का? नाही चिकटत. माल अस्सल!

गौरेश: मी कुठे नकली म्हटलं? अस्सल आहे, तरी तुटला. आणि रविवारच्या तलावाच्या छतालाही ह्याच सळ्या आहेत.

सगुण: आणि झळाळी बघ. गंजाचा ठिपका नाही.

गौरेश: त्याचंच तर भय आहे. उन्हात धरून तुटल्या जागी बघा, केसासारख्या चिरा दिसतील. पाण्यात क्लोरिन, त्यात माणसांचा घाम. त्याची वाफ वर जाते. एसीसाठी सगळी जनेलं बंद, ती जाणार कुठे? छतामागे सळीवर बसते, तिथेच सुकते. खालून वजन ओढतंय, वरून वाफ खातेय, आणि सळी बाहेरून नवरीसारखी.

सगुण: मग शिडी? तीही स्टेनलेस. दिवसभर पाण्यातच असते. तिला कुणी खात नाही?

गौरेश: शिडी धुतली जाते, पुसली जाते, येणारा-जाणारा हात लावतो. वर पुसायला कोण चढतं? आणि शिडी कुणाच्या डोक्यावर लटकत नाही.

भाग्यलक्ष्मी: मग वर लावायचं काय?

गौरेश: सळ्यांच्या कंपनीच्या इंजिनिअराला विचारलं मी. म्हणाला, नेहमीचं स्टेनलेस बंदिस्त तलावाच्या छताला टांगायचंच नाही. त्यातली एक भारी जात चालते, पण ती यायला कित्येक महिने. नाहीतर जाड लोखंड, जस्तात बुडवलेलं, वरून रंग, आणि मधून मधून बघता यावं म्हणून छताला झाकणं.

सगुण: जस्ताचं? गोठ्यावरच्या पत्र्यासारखं? रुद्रेशशेट मला पहिल्यांदा त्या तलावात बुडवेल! आणि त्याला गंज येतो रे.

गौरेश: येतो. पण दिसतो. तांबडा डाग दिसला की आपण सळी बदलायची. ही स्टेनलेसची बाई न सांगता जाते.

सगुण: अरे, छत बंद करून झालंय. पाटीवर तारीख कोरून आलीय. रविवार होऊ दे. नवी सळी आहे, काय आठ दिवसांत तुटणार? मग बघू सावकाश.

भाग्यलक्ष्मी: अहो, गेल्या चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधताना मी काय म्हटलं होतं? आदल्या वर्षीचे केवणीच्या सालीचे दोर माळ्यावर आहेत, चांगले दिसतात, तेच वापरूया.

सगुण: आता माटोळी कुठून आली मध्येच?

भाग्यलक्ष्मी: तुम्ही काय म्हणालात ते सांगा.

सगुण: म्हटलं, नवे काढून आणतो.

भाग्यलक्ष्मी: तसं नाही म्हणालात. ओरडलात. का?

सगुण: वर नारळ, निरफणस, तोरिंगं टांगायची. दोर दिसायला चांगला असतो, आतून कुठे सुटलाय ते कळत नाही. आणि खाली गणपती बसतो.

भाग्यलक्ष्मी: आणि रविवारी या छताखाली कोण उतरणार?

सगुण: तुमची पोहणाऱ्या बायकांची बॅच.

भाग्यलक्ष्मी: आणि?

सगुण: ...आपली पोर, संजना.

भाग्यलक्ष्मी: चहा थंड होतोय तुमचा.

सगुण: होऊ दे. माझा फोन कुठे आहे? गौरेश, उंडा पोटभर खा बाबा. उद्यापासून छत उतरवायचंय.

(महिन्याभराने. रुद्रेशशेटच्या नव्या तलावात सगुण कमरेभर पाण्यात, दोन्ही हातांनी कठडा धरून.)

भाग्यलक्ष्मी: सोडा तो कठडा. संजना बघा, चौथी फेरी मारतेय.

सगुण: मी पोहायला आलो नाही, छत बघायला आलोय.

भाग्यलक्ष्मी: छत काठावरूनही दिसतं.

सगुण: खालून बघितल्याशिवाय भरवसा येत नाही. गौरेश, झाकण उघडलंस?

गौरेश: आत्ताच उघडून बघितलं. रंग शाबूत, डाग नाही. पण माझी मान अजून वरच बघतेय. आठवडाभर घरात सगळे विचारायचे, पाल दिसली का म्हणून.

भाग्यलक्ष्मी: म्हणजे गौरेशची मान गेली. नव्या सळ्या रुद्रेशशेटच्या माथी. तो ओरडला असेल ना?

सगुण: ओरडला. मग मी डिचोलीचा तो तुकडा त्याच्या हातात दिला. बराच वेळ फिरवत बसला. आता म्हणतो, आमोण्याला आधी सळी दाखवायची, मग छताचं बोलायचं.

भाग्यलक्ष्मी: छत उतरवण्याची मजुरी?

सगुण: माझी. त्याचं काही नाही.

भाग्यलक्ष्मी: मग कशाचं आहे? शाल तर मिळाली.

सगुण: पाटी बघितलीस? तारीख चुकीची झाली, परत कोरायला रुद्रेशशेट तयार नाही. तारीख झाकायला समोर दाट झाडाची एवढी मोठी कुंडी आणून ठेवलीय.

भाग्यलक्ष्मी: आणि तुमचं नाव?

सगुण: तारखेच्या खालीच होतं. तेही पानांआड गेलं.

भाग्यलक्ष्मी: अरेरे. म्हणजे सगळ्यात जास्त किंमत तुम्हीच मोजलीत.

सगुण: हळू बोल. माळ्याला सांगून ठेवलंय, त्या कुंडीला पाणी जरा कमीच घाल म्हणून.