भट्टीतून आलेल्या कांबी

बाबा: बोट लावून बघ. निघायचा नाही आता, पक्का बसलाय रंग.

लेक: बाबा, ह्या माझ्या कांबी आहेत?

बाबा: मग कुणाच्या? कपाटात पिशवी ठेवून गेलीस ना, त्यातल्याच. उद्या तपासणीला जायच्या, आणि अंगभर नुसते ओरखडे. म्हटलं, जन्मभर लोकांच्या खिडक्यादारांना पावडर कोटिंग करतोय, एकदा लेकीच्या कामालाही हात लागू दे.

आई: सकाळपासून पाय जमिनीवर नाहीत यांचे. मला दम दिलाय, तिला आधी सांगायचं नाही म्हणून.

लेक: भट्टीत घातल्या होत्या?

बाबा: भट्टीशिवाय पावडर धरेल कशी, शास्त्रज्ञीणबाई?

लेक: किती तापमान होतं?

बाबा: नेहमीचंच, दोनशे. वेळ जरा जास्तच दिला. घरचं काम, कच्चं राहिलं तर काय तोंड दाखवू?

आई: अगं, काय झालं? पांढरी पडलीस. बस आधी.

बाबा: निळा नाही आवडला? खरवडून देतो, त्यात काय एवढं.

लेक: रंगाचं नाही हो, बाबा. कांबी गेल्या.

बाबा: गेल्या कशा? समोर तर आहेत. दोनशेला अॅल्युमिनियम वितळत नाही, एवढं मलाही कळतं.

लेक: वितळल्या नाहीत. वजन तेच, माप तेच. ताकद गेली.

आई: नीट सांग बाई, आम्हाला कळेल असं.

लेक: आमच्या साच्यात वाट सरळ नाही, काटकोनात वळलेली आहे. वरून कांब घालायची, प्रेसनं दाबायची. कोपऱ्यावर ती आतून पिळवटते आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर येते, होती तेवढीच जाड. मग फिरवून पुन्हा घालायची. असं करत राहिलं की आतले कण मोडून अगदी बारीक होतात. कण बारीक, म्हणून कांब मजबूत.

बाबा: बरं, मग?

लेक: मग तिला तापवायचं नाही. उष्णता लागली की कण पुन्हा वाढायला लागतात. साधं अॅल्युमिनियम होतं परत. खिडकीचं.

आई: अहो, तुम्ही आधी विचारायचं तरी.

बाबा: विचारलं असतं तर मजा काय राहिली असती? आणि हिनं सांगायचं नाही का, तापवू नका म्हणून?

लेक: घरात कोण तापवेल, असं वाटलं. मला आईच्या ओल्या फडक्याची भीती. पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, पाण्यापासून लांब ठेवा.

बाबा: लांबच ठेवल्या की मी.

आई: दुसऱ्या करता येणार नाहीत का? आम्ही दोघं येतो मदतीला.

लेक: शेवटची कांब दाबताना साचा तडकला. प्रेस तर उचलूनच नेलाय, कॉलेजला ती प्रयोगाची खोली रिकामी करायची होती. म्हणून तर कांबी घरी आणल्या.

बाबा: मुदत वाढवून माग.

लेक: मागितली होती. मिळाली होती. तीच उद्या संपते.

आई: तुझ्या मार्गदर्शक बाईंना मी फोन करू? सांगते, घरच्यांकडून चूक झाली.

लेक: मीच करेन. त्या हळहळतील, चांगल्या आहेत. पण त्यांच्या हातात काय आहे, आई? प्रबंधात लिहिलंय की ही कांब दुप्पट ताण सोसते. उद्या सगळ्यांसमोर ती सोसायला हवी.

बाबा: सगळीच ताकद गेली असेल का? थोडी तरी राहिली असेल.

लेक: असेल. किती, ते तोडून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि तोडायला एवढ्याच आहेत.

बाबा: थंड पाण्यात टाकल्या तर? लोखंडाला करतात बघ.

लेक: नाही, बाबा.

बाबा: पुन्हा दाबायच्या. आमच्याकडे हातप्रेस आहे, खिडकीच्या पट्ट्या वाकवतो तो.

लेक: त्यानं काही होणार नाही.

बाबा: काहीतरी तर असेल. तू एवढी शिकलीस.

लेक: शिकले म्हणूनच सांगतेय, काही नाही.

बाबा: मग ओरड माझ्यावर. चार शब्द बोल, शिव्या दे.

लेक: काय उपयोग?

बाबा: मला बरं वाटेल.

लेक: मला नाही वाटणार. तुमचा राग येतोय, खूप येतोय. पण तुमचं तोंड बघितलं की तोही धड येत नाही.

आई: मी चहा टाकते.

(आई आत जाते.)

बाबा: उद्या काय करतील ते?

लेक: कांब मशीनमध्ये दोन्हीकडून धरतील आणि ओढत जातील. तुटली की आकडा लिहून घेतील.

बाबा: मी येऊ? तपासणाऱ्या साहेबांना सांगतो, हिचं काम चोख होतं, माती मी केली.

लेक: ते आकडा बघतात, बाबा. कोणी काय केलं ते बघत नाहीत.

बाबा: मग नुसता येतो. काही बोलणार नाही. बाहेर बाकावर बसून राहीन.

लेक: बाहेर नको.

बाबा: बरं. नाही येत.

लेक: तसं नाही. आत या. तुटताना मला एकटीला बघवणार नाही.