शिंप्याचे शून्य तास

— लिहा की ताई, तुमच्या सर्वेक्षणात स्पष्ट लिहा: शिंपी, वय एकसष्ट, सोशल मीडिया शून्य तास. आणि हा तुमचा तक्ता — आपल्याकडे रोज तीन तास, सीमेपलीकडे शेजाऱ्यांकडे पाच — यासाठी पगार मिळतो तुम्हाला? अहो, मला विचारायचं! तिकडच्यांना दुसरा उद्योगच काय? चहा प्यायले, टाक फोटो. पोर शिंकलं, टाक फोटो. आपले तरी कुठे शहाणे म्हणा — ते दाखवतात, हे तोंड वासून बघतात. उडदामाजी काळेगोरे काय निवडायचे!

मला कसं माहीत? गिऱ्हाइकं बोलतात. बरं, मुलगी आहे तिकडे — तिकडचाच मुलगा पसंत केला, लग्न केलं, गेली. मी म्हटलं, उंबरा ओलांडलास तर तू मला मेलीस — झाली चार वर्षं, बोलणं नाही. पण जगाला सगळं दाखवते! नात खिडकीत, नात दाराशी — दाराच्या मुठीला डोकं लागतं आता तिचं — मग शिंप्याला खांदा किती, छाती किती, हे काय टेप लावून बघावं लागतं? तो फ्रॉक ना — गिऱ्हाइकाचा आहे. हात नका लावू, आत्ताच इस्त्री केलीय. पोरं वाढतात, म्हणून बाहीत आत दुमडून दोन इंच माया सोडलीय.

अकाउंट? आहे एक, मशीनचा फोटो लावलाय, नाव नाही. त्याला काय वापरणं म्हणतात? नुसतं बघतो हो! काल आपला सहज त्या फ्रॉकचा फोटो टाकला — आणि आज सकाळी त्याच्याखाली — थांबा, चष्मा कुठे गेला — हां. "बाबा, कॉलरची शिलाई ओळखली. बाही इंचभर वाढवा, हात लांब झालेत तिचे."

बघितलात शिष्टपणा? चार वर्षांनी बाप आठवला, आणि आठवल्याबरोबर काम सांगितलं! तिकडची हवा, दुसरं काय. मी नाही उत्तर दिलं. मी कशाला देऊ? सकाळपासून तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं. तुम्ही भराभर टाइप करता ना? लिहा — वाढवली. बस, एवढंच. नको, थांबा, आणा तो फोन इकडे. आधी वाढवतो, मग सांगतो. ते शून्य खोडा हवं तर, काय लिहायचं ते लिहा — आणि निघा आता, उजेडासमोरून सरका, बाही उसवायचीय मला.