नळीला सोसेल तेवढंच

तिथं नको, करुणा, त्या स्टुलावर नको. होत काही न्हाई म्हणा, पण नळी फुटली तेव्हा तुझे वडील त्याच स्टुलावर होते, म्हणून आपलं म्हटलं — इकडं ये, या दाराच्या अलीकडं. कचेरीतल्या पोलादी कपाटाचं दार आहे, लिलावात घेतलं आणि आड म्हणून उभं केलं. तेहतीस वर्षं ज्या कपाटामागं लपून नोकरी केली, त्याच्याच मागं आता म्हातारपण काढून राहिलो. चहा विचारत न्हाई, राग मानू नको. वीज भरणं सुरू केलंय आणि काटा वर चढेस्तोवर मला इथून हलता येत न्हाई. तू आज हिंगोलीहून येऊन राहिली हे ठाऊक असतं तर — न्हाई, तरी सुरू केलंच असतं. खोटं कशाला बोलू. शेडमधी आहे म्हणून जिवनबाईनं सांगितलं का? सांगितलं असेल. सख्ख्या नवऱ्याशी तिनं महिन्यापासून बोलणं सोडलंय, बाकी सगळ्या गावाशी सुरू आहे.

वडील कसे आहेत? — हं. म्हणजे डावा डोळा शाबूत आहे. बरं झालं. मी दोनदा गेलो नांदेडला दवाखान्यात, सफरचंदं घेऊन. तेव्हा ते पडल्या पडल्या चादरीवर बोटानं आकडे काढत होते. अजून काढतात? — आणि दर वेळेला सातशेच येतात? — मग गप्प होतात. व्हय, तेव्हाही व्हायचे. रत्नपाल सर गप्प झाले की आपल्याला कळत न्हाई, चिडले की दमले. आयटीआयची पोरंसुद्धा त्या गप्प बसण्याला भ्यायची म्हणतात. — काय म्हणालीस? स्वतःचा फोन नंबर कुणाला सांगायचा तर आधी तुला विचारतात, बराबर आहे का म्हणून? — आणि डोक्याच्या डॉक्टरकडं ने म्हणतात. ने मग. वयाचं असतं ते, करुणा. माझाही चष्मा कपाळावर असतो आणि घरभर शोधतो. माणसाची अक्कल एका दिवसात जाते असं थोडंच आहे.

तीनशे व्होल्ट झाले बघ. हळू चढतो, ट्रान्सफॉर्मर लहान आहे.

तू शाळेत मराठी शिकवतेस म्हणून सोपं करून सांगतो. हे चार डबे म्हणजे कपॅसिटर. यांच्यात वीज साठवायची, रांजणात पाणी भरावं तशी, आणि बटण दाबलं की सगळी एका झटक्यात या काचेच्या नळीतून सोडायची. नळी लख्ख पेटते, तो उजेड शेजारच्या माणकाच्या कांडीत शिरतो, आणि कांडीच्या टोकातून लाल किरण, म्हणजे लेसर, निघतो — एवढ्यासाठी आम्ही दोघं म्हातारे दोन वर्षं या पत्र्याखाली घाम गाळत बसलो. वारंगा फाट्याच्या हिरासिंगकडं एका बंद पडलेल्या दवाखान्याचं यंत्र भंगारात आलं होतं, चेहऱ्यावरचे डाग घालवायचं. त्यातून कांडी निघाली आणि एक जाड नळी निघाली. लोक पेन्शन झाल्यावर हरिपाठ धरतात. आम्ही दाढीच्या पात्याला उजेडानं भोक पाडायचं ठरवलं. अजून पडलेलं न्हाई.

आता सगळी मेख आहे ती नळीत किती वीज सोडायची याच्यात. कमी सोडली तर किरण निघत न्हाई, जास्त सोडली तर नळी फुटते. आणि व्होल्ट दुप्पट केले की जोर दुप्पट न्हाई, चौपट होतो — हे मला तुझ्या वडलांनीच समजावलं, चार वेळा. नळी किती लांब, आत किती रुंद, उजेड किती वेळ राहतो, यावरून ती कितीला फुटेल ते निघतं. आणि त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या पुढं जायचं न्हाई. नळीला सोसेल तेवढंच, भुजंगराव, म्हणायचे. जाड नळीला बाराशे व्होल्ट निघाले. सोळा वेळा उडवली, म्हणजे पेटवली, काही झालं न्हाई. सतराव्याला माझ्याच हातून टेबलावरून पडली. मग दुसरी मागवली, हिरासिंगच्याच ओळखीतून. लांबी तीच, टोकाच्या टोप्या त्याच, बाहेरून जुळ्या बहिणी. आतून मात्र निम्मी बारीक.

काहून बघतेस अशी? बाहेरून कसं कळणार माणसाला.

पाचशे. — रजिस्टर? रजिस्टर कशाला पाहिजे तुला? — घेऊन जायला न्हाई मिळायचं. इथंच बघ. न्हाई, मीच वाचून दाखवतो, आमची रीतच आहे ती. तुझ्या वडलांना मोतीबिंदू, बारीक अक्षर दिसत न्हाई. ते कॅलेंडरच्या पाठीवर जाड मार्करनं गणित करणार, मी रजिस्टरात चढवणार, आणि उडवायच्या आधी मी मोठ्यानं वाचणार, ते ऐकून व्होल्टचं बटण फिरवणार. न वाचता कुठलंच काम करायचं न्हाई, हा नियम माझा. कचेरीत माझं रजिस्टर बघायला दुसऱ्या तालुक्याचे लोक यायचे. तेहतीस वर्षांत एक खाडाखोड न्हाई, एक रकाना रिकामा न्हाई. रिकामा रकाना मला दिसला की मी आधी पेन काढतो — न्हाईतर कुणीही येऊन काहीही भरेल तिथं.

तर ऐक. अनुक्रमांक सतरा. नळी: नवीन. डबे: वरीलप्रमाणे. व्होल्ट: वरीलप्रमाणे.

व्हय, तेच लिहिलंय. दोन टिंबं दिली म्हणजे वरीलप्रमाणे. सगळ्या कचेऱ्यांत तसंच देतात. — वर बाराशेच आहे. — कुणी सांगितलं म्हणजे? सरांनी सांगितलं. हिशेब त्यांचा, अक्षर माझं. — कधी सांगितलं? आता तारीख कशी लक्षात राहील, नळी आली त्या संध्याकाळी मी लगेच चढवलं, आणि ते गणित घेऊन आले दुसऱ्या दिवशी सकाळी —

सातशे झाले. हा काटा नीट दाखवतो का, मला शंकाच आहे.

बरं, ऐक. रकाना रिकामा होता, मी आपली टिंबं देऊन ठेवली. तात्पुरती. सकाळी ते कॅलेंडरचं पान घेऊन आले, मी घडी करून रजिस्टरच्या मागच्या पुठ्ठ्यात ठेवलं, निवांत चढवू म्हणून. आणि उडवायच्या वेळेला नेहमीप्रमाणे वाचलं. बाराशे म्हटलं तसे ते थांबले. बाराशे? म्हणाले. मी म्हटलं, रजिस्टरात आहे, सर. तर म्हणाले, असेल मग, मीच सांगितलं असेल — आणि फिरवलं. काय करायचं अशा माणसाला? लिहिलेल्यावर एवढा विश्वास ठेवतं का कुणी? मी कारकून असून ठेवत न्हाई.

दोनदा काही झालं न्हाई, बरं का. दोनदा झकास उजेड पडला. तिसऱ्या वेळेला ते नळीवर वाकले होते.

— काढ ना, मागच्या पुठ्ठ्यातच आहे. मी कुठं लपवलंय? फाडलं न्हाई, जाळलं न्हाई. कागद नष्ट करायची मला सवय न्हाई. — व्हय. सातशे. चांगलं मोठं लिहिलंय, खाली दोन रेघा मारून.

नांदेडला त्यांनी विचारलं होतं मला. तुझी आई बाटली भरायला बाहेर गेली होती. पट्टीच्या आतून म्हणाले, भुजंगराव, बाराशे मीच काढले होते का? मी म्हटलं, व्हय सर, तुमीच. एवढंच. तीन शब्द. त्यांना बरं वाटावं म्हणून — न्हाई, मला बरं वाटावं म्हणून. मग त्यांनी चादरीवर पहिल्यांदा बोट फिरवलं आणि मी सफरचंद कापून राहिलो.

साडेनऊशे. आता ऊठ तू.

ही तिसरी नळी आहे, त्या बारकीच्याच जातीची. आज बाराशेला उडवणार, आणि टिकली की नोंद बराबर ठरते. दुसरी नळी सदोष होती, भंगाराचा माल, संपला विषय. मी खोटं बोललोच न्हाई असं होतं. — दुसरीही दोनदा टिकली होती. मला नको सांगू, करुणा, मोजायला मीच होतो. पण मला एकदाच टिकायला पाहिजे. एकदा टिकली की लिहिता येतं. — आणि फुटली तर दाराआड मी एकटा आहे, म्हणून तर म्हणतो ऊठ, जीप निघेल तुझी. तिकडं कुठं चाललीस? हट्टानं बसलीस? त्यांच्याच स्टुलावर? हे बघ, मी काही कुणाला बस म्हणून —

फोन कुणाला लावतेस? नको. नको, बंद कर. त्यांची झोपायची वेळ असेल दुपारची — करुणा, मी हात जोडतो —

हां. सर. मी, भुजंग. — न्हाई, ठीक आहे सगळं. करुणा आलीय, तिच्यापाशी — व्हय, शेडमधीच. — व्हय, भरलंय. अकराशेच्या आसपास. — बारकीच. — व्हय, दिसते इथून, तुमच्या स्टुलावर बसलीय.

...

न्हाई सर. तुमी न्हाई. तुमी सातशेच काढले होते. कागद आहे, तिच्या हातात आहे. बाराशे माझे. — व्हय. नांदेडला मी खोटं बोललो. — डोकं तुमचं बराबर आहे, सर.

...

बंद केलं, सर, मेन बटण. — न्हाई सर, काटा उतरत न्हाई. साठलेली वीज उतरवायचा तो रेझिस्टर मी काल काढून ठेवला, लवकर चढावं म्हणून. — डबे रिकामे करायची काठी आहे. रबराची मूठ आहे. — एक हात खिशात, म्हणजे वीज छातीतून जात न्हाई, माहीत आहे. — व्हय, आधी तिला बाहेर काढतो.

आता त्यांनीच सांगितलंय. कागद घे, रजिस्टर घे, पिशवीत घाल. फोन माझ्यापाशी सुरूच राहू दे, ते सांगतील तसं मी करतो. त्या डब्यांच्या बाजूनं नको, इकडून भिंतीकडनं जा. जिवनबाईला घेऊन रस्त्यापलीकडं थांबा, आणि मी हाक मारल्याशिवाय दोघींपैकी कुणी शेडच्या दाराला हात लावायचा न्हाई. जा.

आज तुमी वाचा सर, मी ऐकून करतो.