‘गोंधळलेला असू शकतो’ या नोंदीस हरकत

नाव: भानुदास नत्थूजी गजभिये. वय: ७१ वर्षे. धंदा: सेवानिवृत्त सहायक फौजदार, महाराष्ट्र पोलीस. राहणार: इंदोरा, नागपूर. हल्ली मुक्काम मुलीकडे, हर्नडन, व्हर्जिनिया. आज रोजी टार्पन स्प्रिंग्ज, फ्लोरिडा. फोन: आहे, परंतु घटनेच्या वेळी तो चार्जिंगला होता. त्याबद्दल पुढे येईल.

मी वर नमूद इसम, पोलीस ठाण्यात समक्ष बसून, स्वतःच्या हाताने लिहून देतो की, येथील ऑफिसर डेल्गाडो मॅडम यांनी मला एक फॉर्म व पेन देऊन “जे झालं ते लिहा, कुठल्याही भाषेत लिहा” असं सांगितलं. इंग्रजी माझी मुलगी करून देणार आहे. छत्तीस वर्षांच्या नोकरीत शेवटची अकरा वर्षं मी ठाण्याचा मोहरर होतो, म्हणजे लोक सांगायचे आणि मी लिहायचो. स्वतःचा जबाब लिहिण्याची ही पहिलीच वेळ. फॉर्मवर बारा ओळींची जागा आहे. अमेरिकेत बारा ओळींत काय घडतं ते मला माहीत नाही. मी जास्तीचे कागद मागून घेतले आहेत.

माझी मुलगी नामे प्रणिता, वय ३९ वर्षे, हिने आज दिनांक १२ मार्च २०२६, गुरुवार रोजी दुपारी १२.५५ वाजता मी हरवल्याची खबर दिली. खबरीत माझं वर्णन असं आहे: उंची पाच फूट पाच इंच, बांधा मजबूत, केस पांढरे, निळा स्वेटर, नवे पांढरे बूट, गोंधळलेला असू शकतो. उंचीबद्दल तक्रार नाही. ‘मजबूत’बद्दल मुलीचे आभार. शेवटच्या तीन शब्दांना माझी हरकत आहे.

हरकतीचं कारण असं. २८ मार्चला माझं नागपूरचं तिकीट आहे. माझी पत्नी मीरा मागच्या वर्षी जानेवारीत वारली, तेव्हापासून मुलीचं म्हणणं की बाबांना एकटं राहणं जमणार नाही, तिकीट कॅन्सल करून त्यांनी कायम हर्नडनला राहावं. मी अमेरिकेत आल्यापासून पाच महिने आमचा हा वाद चालू आहे. तिच्याकडे आजवर पुरावा नव्हता. एकदा फोडणीने घरातला धुराचा भोंगा वाजला, पण तो भोंगा टोस्टनेही वाजतो. आता सरकारी कागदावर ‘गोंधळलेला’ असं राहिलं तर माझं नागपूर संपलं. नागपूरला मी रोज सकाळी वाचनालयाच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. रेशन, पेन्शन, नळजोडणी, काय असेल ते. हर्नडनला मुलगी माझ्यासाठी सगळं करते, आणि मला कुणासाठी काही करायला उरत नाही.

प्रणिता दवाखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत आहे. त्या धंद्यातल्या लोकांची तीन दिवसांची कॉन्फरन्स इथल्या समुद्रकाठच्या हॉटेलात होती व आज दुपारी २ वाजता तिचं भाषण होतं. घरी तीन संध्याकाळी तिने त्याची तालीम माझ्यासमोर केली. माझं इंग्रजी एफआयआरपुरतं असल्याने मला शेवटचं “थँक यू” तेवढं कळायचं, आणि मी टाळ्या वाजवायचो. मला घरी एकटं ठेवायचं नाही म्हणून ती मला सोबत घेऊन आली.

सकाळी ८.४० वाजता ती हॉलकडे गेली. जाताना म्हणाली, “बाबा, ब्रेकफास्ट करा, पूलजवळ बसा, लांब जाऊ नका. फोन चार प्रतिशतवर आहे, चार्जिंगला लावलाय, काढू नका.” मी फोन काढला नाही. ९.१० वाजता हॉटेलच्या कागदावर रीतसर नोंद केली: “पायी समुद्राकडे रवाना. परत अंदाजे १ वाजता.” कागद टीव्हीच्या रिमोटखाली ठेवला. मुलगी टीव्ही बघत नाही ही बाब माझ्या लक्षात आली नाही. कागद नंतर तिथेच मिळाला, सोबत जोडला आहे.

हॉटेलपासून गोदी दीड मैलावर आहे. वाटेत तीन गाड्यांनी थांबून “सर, आर यू ओके?” असं विचारलं. आमच्याकडे विनाकारण पायी फिरणाऱ्या इसमावर संशय घेतात, इथे त्याला आजारी समजतात. मी तिन्ही वेळा ओके होतो.

१०.०५ वाजता गोदीवर पोचलो. रांगेने बोटी, दोऱ्यांवर वाळत घातलेले स्पंज, आणि निळ्या-पांढऱ्या दुकानांवर मला न वाचता येणारी अक्षरं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ग्रीसच्या एका बेटावरचे लोक बुडी मारून स्पंज काढायला इथे आले आणि राहिले, असं तिथे फलकावर लिहिलेलं आहे. एका बाकावर मानोली नावाचे गृहस्थ, वय ७८, मोठ्या कात्रीने स्पंज कातरत बसले होते. त्यांनी मला बसवून सोप्या इंग्रजीत व हातवारे करून त्या बेटाबद्दल सांगितलं. कुठल्या खडकावर कुठलं चर्च, कुणाच्या अंगणात अंजीर, सगळं. मी तपासी माणूस. विचारलं, शेवटचं कधी गेला होता? ते म्हणाले, “नेव्हर.” त्यांचा जन्म याच गावचा, दोन गल्ल्या पलीकडचा. टुरिस्ट लोकांना बेटावरचा म्हातारा हवा असतो, म्हणून ते होतात.

नंतर त्यांनी शेजारच्या हॉटेलात मला कॉफी पाजली. छोट्या कपात येते. तळाशी गाळ असतो, तो ठेवायचा असतो. मी तोही प्यालो, पाहुणचार म्हणून. मानोली बराच वेळ हसत होते. त्यांचा मुलगा टॅम्पाला असतो आणि रोज संध्याकाळी सहाला फोन करून गॅस बंद केला का विचारतो. मी माझ्या मुलीबद्दल सांगितलं. दोन्ही केसेस एकाच कलमाखालच्या आहेत यावर आमचं एकमत झालं.

१२ च्या सुमारास मी तिथलं चर्च बघायला गेलो. बूट दाराबाहेर काढले. आमच्या विहारात काढतो तसे, यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आत वाळूत बारीक मेणबत्त्या लावलेल्या होत्या. मेणबत्ती आम्हीही लावतो, त्यामुळे परकं वाटलं नाही. मी मीराच्या नावाने एक लावली व ती संपेपर्यंत बसलो. बारीक दिसली तरी वेळ घेते. बाहेर आलो तेव्हा १.३० झाले होते आणि बूट नव्हते.

इथे नमूद करतो की, देवळाबाहेरून चप्पल गेल्याच्या तक्रारी घेऊन नोकरीत माझ्याकडे शेकडो लोक आले आणि प्रत्येकाला मी “नवीन घ्या” म्हणून परत पाठवलं. त्या सर्वांची मी या जबाबाद्वारे माफी मागतो. बूट मुलीने घेऊन दिलेले होते. किंमत तिने सांगितली नाही, यावरून अंदाज आला होता. त्यामुळे ‘नवीन घ्या’ हा मार्ग मला मोकळा नव्हता. मी मोजे खिशात घालून अनवाणी तपासाला निघालो. जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय बघत चार-पाच गल्ल्या फिरलो. पांढरे बूट इथे प्रत्येकाच्या पायात आहेत.

मुलीला माझ्या या जबाबाचा फायदा होईल हे ठाऊक असूनही, खोटा जबाब मी आयुष्यात लिहिलेला नाही, म्हणून पुढचं वाक्य लिहितो. २.१० ते २.३५ या वेळात मी कुठे उभा आहे, हॉटेल कुठल्या दिशेला आहे आणि त्याचं नाव काय, यातलं काहीही मला सांगता येत नव्हतं, आणि वाट विचारायला मी शेजारी मीराकडे वळलो. पुढे घरांच्या मधून बोटींचे उंच खांब दिसले, त्यांच्या रोखाने मी गोदीवर परत आलो.

मानोलींनी माझे पाय बघितले व त्यांच्या बोटीवरचे रबरी गमबूट दिले. फोन कुणाला करू, असं त्यांनी विचारलं. मुलीचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे, डोक्यात नाही. शिवाय तिचं भाषण चालू असेल, मध्ये व्यत्यय नको, असं मी म्हणालो. त्यांनी दुसरी कात्री दिली. ४.२० पर्यंत मी स्पंज कातरले. पाच महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मला काम सांगितलं होतं. चौतीस झाले. मानोलींनी त्यातले दोन बाद केले.

४.२० वाजता पोलिसांची गाडी आली. ऑफिसर मॅडमच्या मागून प्रणिता उतरली. गळ्यात कॉन्फरन्सचं कार्ड, टाचांचे बूट हातात, पाय मातीने भरलेले. बाप-लेकीत मिळून स्वतःचा एकही बूट पायात नव्हता. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही कुठे होते? किती शोधलं मी!” मी म्हणालो, “इथेच होतो.” मग तिने माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि रडली. जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी व फोन चार्जिंगला बघून ती तशीच निघाली होती. दोन वाजता भाषण तिने केलंच नाही, हे मला गाडीत कळलं. याचं मला फार वाईट वाटतं आणि ते कुठल्या रकान्यात लिहायचं हे मला माहीत नाही. हरवलेल्यांच्या खबरी मी अकरा वर्षं घेतल्या. ‘किंचित वेडसर’ हे शब्द पोरं सांगतील तसे लिहून टाकले. त्या म्हाताऱ्यांना मी कधी विचारलं नाही, आणि खबर देणाऱ्यांच्या पायांकडे कधी बघितलं नाही.

बूट चर्चच्या ऑफिसात मिळाले. कुणीतरी विसरून गेलं असं वाटून तिथल्या बाईंनी ते सांभाळून ठेवले होते. त्यात चिठ्ठी होती की मालकाने येऊन न्यावेत. चोरीची तक्रार नाही. गमबूट मानोलींना परत केले आहेत.

तरी मी हरवलो नव्हतो, फिरायला गेलो होतो, आणि पंचवीस मिनिटं वगळता मला सगळं ठाऊक होतं. सबब ‘गोंधळलेला’ हा शब्द काढावा, ही विनंती.

पुरवणी जबाब, सायंकाळी ६.४० वाजता: लिहिणं हाताच्या सवयीने जमतं, पण वाचायचा चष्मा हॉटेलात असल्याने वरील मजकूर प्रणिताने मोठ्याने वाचला, प्रत्येक वाक्य आधी मला मराठीत, मग ऑफिसर मॅडमना इंग्रजीत. गाळ प्यायलेल्या ठिकाणी मॅडम हसल्या. चपलांच्या ठिकाणी दोघी हसल्या. पंचवीस मिनिटांच्या वाक्यापाशी प्रणिता थांबली. कागद तिने तोंडासमोर धरला. मग दोन्ही भाषांत ते सोडून बोटींच्या खांबांवर गेली. शेवटच्या परिच्छेदातली पंचवीस मिनिटंही तिने वाचली नाहीत. मॅडमनी विचारलं, “इज दॅट ऑल?” ती म्हणाली, “दॅट्स ऑल. प्लीज टेक आउट ‘कन्फ्यूज्ड’.” मॅडमनी तो शब्द माझ्यासमोर खोडला.

नंतर बाहेरच्या बाकावर प्रणिता मला म्हणाली, “अठ्ठावीसचं तिकीट तसंच ठेवते. पण रोज सहाला फोन करीन, तुमच्या सहाला, आणि तुम्ही उचलायचा. माझा नंबर पाठ करायचा.” मी कबूल केलं. थोड्या वेळाने म्हणाली, “मीपण वळते बाबा. कुकर लावताना. किती शिट्ट्या, ते आईला विचारायला.” मला कायम ठेवून घ्यायचं तिचं खरं कारण पाच महिने माझ्यासमोर होतं आणि माझ्या तपासात ते आलं नाही. मी तिला सांगितलं की डाळीला चार, भाताला तीन, आणि तिचं भाषण मी उद्या खोलीत पूर्ण ऐकणार आहे.

जबाब मला वाचून दाखवला. मुलीने जे वाचलं नाही, त्यासकट तो बरोबर आहे.

सही/-
भा. न. गजभिये